पेल्याच्या तळाशी

९ नोव्हेंबर १८७४, सोमवार. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेयर सकाळचा फेरफटका मारून सातच्या सुमारास परतले. पपनसाच्या सरबताचा पेला खोलीत रोजच्या जागी ठेवलेला होता. फेयर यांनी दोन-तीन घोट घेतले आणि ते लिहायला बसले. वीस-पंचवीस मिनिटांत मळमळू लागले, डोके जड झाले, तोंडाला धातूसारखी चव आली. पपनसच खराब निघाले असावे, असे वाटून त्यांनी उरलेले सरबत खिडकीतून बाहेर ओतले. रिकामा पेला खाली ठेवताना त्यांची नजर तळाकडे गेली. तिथे काळपट साका बसलेला होता.

त्यांनी तो पेला तसाच ठेवला आणि रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावणे धाडले. सरबत तर व्हरांड्याच्या चुन्यावर सांडून गेले होते. उरला होता फक्त हा चिमूटभर गाळ. एका संस्थानाच्या गादीचे भवितव्य पुढचे पाच महिने त्याच्याभोवती फिरत राहिले.

बडोद्यातले वातावरण आधीच पेटलेले होते. खंडेरावांच्या मागे १८७० मध्ये मल्हारराव गायकवाड गादीवर आले. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारींचा ढीग साचला, १८७३ मध्ये सरकारने चौकशी आयोग बसवला. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेले फेयर आणि महाराज यांचे एक दिवसही पटले नाही. लक्ष्मीबाईंशी झालेला महाराजांचा विवाह आणि त्यांना झालेला मुलगा, हेही वादाचे विषय होते. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून घडी बसवू पाहत होते. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्याकडे खलिता पाठवून फेयर यांना हलवण्याची विनंती केली. त्यानंतर सातव्या दिवशी हा पेला.

डॉ. सीवर्ड यांनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी गाळातला थोडा भाग घेऊन कोळशाच्या पुडीत मिसळला, काचेच्या नळीत घातला आणि नळी ज्योतीवर धरली. थोड्याच वेळात नळीच्या वरच्या थंड भागात एक करडे, चकाकते कडे उमटले. मग त्यांनी त्या कड्यापासून पांढरे स्फटिक तयार होऊ दिले आणि भिंगाखाली पाहिले. ते अष्टफलक होते, म्हणजे दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसे. सीवर्ड यांची खात्री पटली. पेल्यात सोमल होता.

या साध्या वाटणाऱ्या कृतीत काय घडते ते नीट पाहायला हवे. सोमल म्हणजे आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांचे संयुग. पांढरी पूड, वास नाही, चव जवळजवळ नाही. पिठात मिसळा, साखरेत मिसळा, ओळखू येत नाही. आर्सेनिकची दुसरी संयुगे वेगळीच सोंगे घेतात. गंधकाशी एका प्रमाणात जुळले की पिवळाधमक हरताळ होतो, दुसऱ्या प्रमाणात जुळले की तांबडी मनशीळ. आपल्याकडचे लेखनिक पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देत आणि वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो तो तिथूनच आलेला. पांढरा, पिवळा, तांबडा अशा तीन वस्तू समोर ठेवल्या तर त्यांच्या पोटात एकच मूलद्रव्य आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येणार नाही.

ते ओळखायचे तर त्याच्या जोडीदाराला बाजूला करावे लागते. तापलेला कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो आणि आर्सेनिक मोकळे होते. मोकळे आर्सेनिक न वितळता थेट वाफ होते आणि थंड काच लागताच पुन्हा घन होते. त्या क्षणी त्याचा खरा चेहरा दिसतो. पोलादासारखा करडा, चकाकणारा, पण ठिसूळ. चकाकी धातूची, ठिसूळपणा अधातूचा. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना धातुसदृश म्हणतो त्या मूलद्रव्यांपैकी हे एक. शिवाय ते कडे हवेत पुन्हा तापवले की आर्सेनिक परत ऑक्सिजनशी जुळते आणि पांढऱ्या अष्टफलक स्फटिकांच्या रूपात काचेवर बसते. सोंग उतरवायचे, चेहरा पाहायचा आणि तेच सोंग पुन्हा चढताना पाहायचे, अशी ही दुहेरी ओळख आहे. सीवर्ड यांनी दोन्ही टप्पे पाहिले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले.

ही ओळख पटवण्याची रीत एका दिवसात हाती आलेली नव्हती. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७५ मध्ये आर्सेनिक, जस्त आणि आम्ल एकत्र आले की लसणाच्या वासाचा वायू निघतो हे पाहिले होते. पुढे बारा वर्षांनी मेट्झगर या जर्मन वैद्याने कोळशासह तापवून थंड पृष्ठभागावर आरसा उमटवला. या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेतल्या. न्यायालयात त्या उभ्या राहायला आणखी अर्धे शतक लागले, आणि त्यामागे एका माणसाची जिव्हारी लागलेली हार होती.

१८३३ मध्ये इंग्लंडातल्या प्लमस्टेड गावी जॉर्ज बोडल नावाचा वृद्ध शेतकरी कॉफी पिऊन मेला. संशय नातवावर गेला. वुलिचच्या शस्त्रागारात काम करणाऱ्या जेम्स मार्श या रसायनज्ञाकडे कॉफी तपासायला आली. त्याने तीत हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला आणि पिवळा साका खाली बसला. आमच्याकडे बीएस्सीला ज्यांनी किपच्या उपकरणाजवळ उभे राहून सडक्या अंड्यांचा तो वास सोसला आहे, त्यांना ही परीक्षा वेगळी सांगायला नको. मार्शची खात्री होती. पण खटला उभा राहीपर्यंत तो पिवळा साका बिघडला. पंचांसमोर ठेवायला काहीच उरले नाही आणि नातू सुटला.

मार्शला हे सहन झाले नाही. वाटेत बिघडणार नाही, पंचांच्या हातात देता येईल असा पुरावा त्याला हवा होता. त्याने शेलेचा वायू पुन्हा हाती घेतला. संशयित पदार्थात जस्त आणि गंधकाम्ल घालायचे, निघणारा वायू बारीक नळीतून बाहेर काढून पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरायची. आर्सेनिक असेल तर बशीवर काळसर चकचकीत डाग पडतो. १८३६ मध्ये त्याने ही रीत प्रसिद्ध केली. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाएवढे आर्सेनिकही तिच्या हातून सुटत नव्हते. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या तरुण बाईवर नवऱ्याला विष घातल्याचा खटला चालला तेव्हा ऑर्फिला या नामांकित विषशास्त्रज्ञाने हीच रीत वापरली. सारा युरोप त्या बशीवरच्या डागाविषयी बोलू लागला.

इथेच धोकाही सुरू झाला. इतकी तिखट परीक्षा असली की ती नको ते आर्सेनिकही शोधून काढते. बाजारातल्या जस्तात आर्सेनिक असे, गंधकाम्लातही असे. शिवाय आर्सेनिकचे भावंड अँटिमनी हेही धातुसदृश. आपल्या सुरम्यातले. त्याचाही तसाच आरसा उमटतो, आणि त्या काळी अँटिमनीची औषधे ओकारीसाठी सर्रास देत. मेलेल्याच्या पोटात वैद्याच्या हातचे अँटिमनी सापडावे आणि निरपराध माणूस फासावर जावा, इतके हे जवळचे होते. मग फरक ओळखण्याच्या खुणा शोधल्या गेल्या. आर्सेनिकचा डाग विरंजक द्रावणात झटकन विरघळतो, अँटिमनीचा तसाच राहतो. आर्सेनिक जास्त बाष्पनशील, म्हणून त्याचे कडे ज्योतीपासून दूर बसते, अँटिमनीचे जवळ.

दिग्गजही चुकले. ह्यूगो राइन्श याने १८४१ मध्ये आणखी सोपी रीत सुचवली होती. संशयित पदार्थ मिठाच्या आम्लात उकळायचा आणि त्यात तांब्याची पट्टी बुडवायची. आर्सेनिक असेल तर पट्टीवर करडा थर चढतो. १८५९ मध्ये डॉ. स्मेथर्स्ट यांच्यावरच्या खटल्यात आल्फ्रेड स्वेन टेलर या इंग्लंडच्या पहिल्या मानाच्या विषतज्ज्ञाने याच रीतीने एका बाटलीत आर्सेनिक सापडल्याचे सांगितले. नंतर कळले की त्या बाटलीतले पोटॅशियम क्लोरेट तांबे खाऊन टाकत होते आणि आर्सेनिक त्या तांब्यातूनच बाहेर पडत होते. परीक्षकाने स्वतःच आणलेले विष स्वतःच शोधले होते. स्मेथर्स्ट यांना फाशीची शिक्षा झाली होती; ती रद्द करावी लागली. रसायनशास्त्रज्ञाची सर्वांत मोठी कसोटी त्या वर्षापासून बदलली. आपली हत्यारे स्वच्छ आहेत हे त्याला आधी सिद्ध करावे लागे.

पुन्हा बडोद्याकडे. सीवर्ड यांनी उरलेला गाळ मुंबईला डॉ. वेलिंग्टन ग्रे यांच्याकडे पाठवला. ग्रे हे ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि मुंबई सरकारच्या रासायनिक विश्लेषकाचे हंगामी काम पाहत. सरकारी विश्लेषकाची अशी प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये सुरू झाली. मुंबईची १८७० ची. या प्रयोगशाळांपुढे येणाऱ्या विषांत सोमलाचा वाटा फार मोठा असे. तो औषधाला लागे, उंदरांना लागे, कातडी टिकवायला लागे. कातड्यासाठी दुसऱ्यांची गुरेही सोमल चारून मारली जात. म्हणूनच मुंबई इलाख्यात १८६६ मध्येच विषविक्रीवर कायद्याने बंधने आली होती.

ग्रे यांनी सांगितले की गाळात पांढरा सोमल आहे. त्याच्या जोडीला कसली तरी अगदी बारीक, कठीण, चमकणारी पूड आहे. ती काचेची किंवा गारेची असावी, असे त्यांना प्रथम वाटले. पुढे फेयर यांनी चुन्यावर सांडलेल्या सरबताचे खरवडलेले कण पाठवले. त्यातही सोमल निघाला आणि ते चमकणारे कणही निघाले. ते हिऱ्याचे असू शकतील, असे मत मग पुढे आले.

हिऱ्याची पूड! मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. राजघराण्यातले मरण म्हटले की हिरकणी आलीच. आणि विज्ञान सांगते की हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, पोटातल्या कुठल्याही रसाला दाद न देणारा. त्या पेल्यात हिरा असलाच तर त्याने फेयर यांचे काहीही बिघडवले नसते. मारण्याची ताकद होती ती बोहऱ्याच्या दुकानात तोळ्यावर मिळणाऱ्या पांढऱ्या पुडीत. पण लोकांच्या तोंडी राहिला तो हिराच. बडोद्याच्या या प्रकरणाची गोष्ट आजही कोणी सांगितली तर हिऱ्याच्या पुडीचीच सांगतो.

याच सुमारास फेयर यांनी एक गोष्ट केली, जी पुढे त्यांच्याच बाजूवर उलटली. आपल्याला गुप्त खबर मिळाली आहे की विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे अशा तीन वस्तू होत्या, असे त्यांनी डॉक्टरांना कळवले. ही खबर भाऊ पुणेकर नावाच्या त्यांच्या माहीतगाराकडून आली होती. ग्रे यांनी तांबे शोधले. मिळाले नाही. तांबे लपणारे नाही; अमोनिया घालताच गडद निळा रंग येतो. खबऱ्याला तीन वस्तू ठाऊक होत्या, नळीला सापडल्या त्यात तांबे नव्हते. मग त्या खबरीचा उगम कुठला?

डिसेंबरच्या सुरुवातीला फेयर यांना हलवून सर लुइस पेली यांना आणले गेले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक साउटर आपल्या माणसांसह तपासाला बसले. रेसिडेन्सीतल्या शिपायांचा हवालदार रावजी फुटला. महाराजांच्या सांगण्यावरून आपणच पूड घातली, असे त्याने माफीच्या आश्वासनावर सांगितले. पूड बाटलीत पाण्याबरोबर हलवून ते पाणी आपण सरबतात ओतले, असा त्याचा जबाब होता. हे वाचताना रसायन आणि जबाब एकमेकांना भेटतात. सोमल थंड पाण्यात फारच थोडा विरघळतो. बाटली कितीही हलवली तरी बराचसा तसाच राहतो आणि मग पेल्याच्या तळाशी बसतो. फेयर जगले ते बहुधा यामुळेच. विष वर आलेच नाही.

पण याच तपासात रावजीच्या जुन्या पट्ट्यातून कागदाची एक पुडी निघाली. पोलीस अधिकारी अकबर अली यांनी ती शोधली. ग्रे यांनी तिच्यातही सोमल असल्याचे सांगितले. इतके दिवस कोणाला न दिसलेली पुडी नेमकी तपासणाऱ्याच्या हाती लागावी, हे बचाव पक्षाला सोन्यासारखे होते. जमादार नरसू यानेही कबुली दिली आणि नंतर विहिरीत उडी घेतली. त्याला बाहेर काढले गेले. गोव्याकडचा खानसामा पेद्रो डिसोझा याने मात्र आपला यात हात असल्याचे ठामपणे नाकारले.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. त्यांचे खासगी चिटणीस दामोदरपंत गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात काही दिवस काढल्यावर माफीचे साक्षीदार झाले. घोड्याच्या खरजेचे औषध म्हणून सोमल मागवला, फौजदारी खात्याकडून तो मिळाला नाही, मग नूरुद्दीन बोहऱ्याकडून आणला, अशी त्यांची कहाणी. हिरे हेमचंद फत्तेचंद या जवाहिऱ्याकडून घेतल्याचे त्यांनी सांगितले. जवाहिऱ्याने कोर्टात ते नाकारले.

२३ फेब्रुवारीला बडोद्यात आयोग बसला. असा आयोग हिंदुस्थानात पूर्वी कोणी पाहिला नव्हता. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष; सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज; आणि त्यांच्या बरोबरीने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. गायकवाडांवरच्या आरोपाचा विचार करायला शिंदे बसले होते. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन यांना आणले होते, डोळे विस्फारावेत असा मेहनताना देऊन.

बॅलंटाइन यांनी नळीतल्या कड्याशी फारशी झुंज घेतली नाही. त्यांचा सारा रोख पेला आणि महाराज यांच्यामधल्या माणसांवर होता. तांब्याची खबर कुठून आली? रावजीची पुडी कोणी ठेवली? दामोदरपंत कोणाच्या भीतीने बोलतात? सीवर्ड आणि ग्रे यांची साक्ष या खटल्यात सर्वांत भक्कम होती असे मला वाटते, कारण ती कोणी बदलू शकले नाही. शिपायांनी, चिटणिसाने, जवाहिऱ्याने आपापले शब्द फिरवले, पण अष्टफलक स्फटिक तेच राहिले. आणि तीच साक्ष या प्रश्नापाशी येऊन थांबत होती. मूलद्रव्याला आपले नाव सांगता येते. ते कोणाच्या हातून आले हे सांगता येत नाही.

मार्चच्या अखेरीस आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांनी महाराज दोषी असल्याचे म्हटले. शिंदे, रामसिंग आणि दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झाला नसल्याचा निर्वाळा दिला. पुरावा सहाही जणांपुढे एकच होता. ग्रे यांचे अहवाल सगळ्यांनी ऐकले होते. मी दिनकररावांच्या बाजूचा आहे. फुटलेल्या तीन-चार माणसांच्या शब्दावर एका माणसाला विषप्रयोगी ठरवता येत नाही, मग त्याचा कारभार कितीही वाईट असो.

सरकारने मग वेगळीच वाट धरली. एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात मल्हाररावांना पदच्युत केले गेले. आयोगाच्या चौकशीत आरोप सिद्ध झाला म्हणून हे करत नाही, असे त्या जाहीरनाम्यात स्पष्टच म्हटले होते. कारण दिले ते गैरवर्तन, कमालीचा गैरकारभार आणि राज्य चालवण्याची असमर्थता यांचे. म्हणजे व्हरांड्यातल्या चुन्यापासून मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत इतक्या काळजीने ओळखलेल्या त्या सोमलावर शेवटी काहीच ठरले नाही.

मल्हाररावांना मद्रासला नेले गेले. त्याच वर्षी नारायण बापूजी कानिटकर यांनी त्यांच्यावर मराठीत नाटक लिहिले. २७ मे रोजी खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवले. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासलाच वारले.